लॉक न होणाऱ्या टोपणाच्या हॅटपिनांबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : ‘सेफ लॉक’ टोपणाच्या हॅटपिनांची सदोष रचना, पैसे परत मिळणे व टोपणात बदल करणे याबाबत.

महोदय / महोदया,

मी नाशिकला पंचवटीत राहते आणि नाटकाचे कपडे भाड्याने देते. शाळांची गॅदरिंग, हौशी संस्थांच्या एकांकिका, स्पर्धेची नाटके, असा माझा कपडेपट वर्षभर फिरत असतो. आपल्या संकेतस्थळावरून मी दोन डझन हॅटपिना, म्हणजे हॅट केसांना अडकवायच्या लांब पिना, मागवल्या. सहा इंची स्टीलची पिन, एका टोकाला मोती आणि दुसऱ्या, टोकदार बाजूला घालायचे काळे टोपण. पाकिटावर आपण ठळक अक्षरांत ‘सेफ लॉक कॅप’ असे छापले आहे आणि त्याखाली ‘टोपी हलणार नाही, टोक टोचणार नाही’ अशी हमीही दिली आहे. त्या हमीवर विसंबूनच मी बाजारातल्या साध्या पिनांपेक्षा जास्त पैसे मोजले.

नाशिकमध्ये मडमांच्या हॅटपिना कोणाला लागतात, असा प्रश्न आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीने मला फोनवर हसत विचारला होता, म्हणून हेही सांगते. इथल्या एका हौशी संस्थेने १९०९ सालच्या नाशिकवर एकांकिका बसवली आहे. त्या वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. एकांकिकेत त्याआधीचा साहेबांच्या क्लबातला एक प्रसंग आहे आणि त्यात मडमा आहेत. त्या काळातली बायकांची हॅट म्हणजे परातीएवढी. ती डोक्यात घट्ट बसत नसे. केसांचा मोठा अंबाडा बांधून त्यावर ठेवत आणि लांब पिन हॅटच्या एका बाजूने घालून, अंबाड्यातून काढून, दुसऱ्या बाजूने बाहेर आणत. म्हणजे टोक हॅटच्या बाहेर उघडे राहणार, हे त्या पिनेच्या जन्मापासूनचे दुखणे आहे. १९१० साली शिकागोच्या नगरपरिषदेने लांब हॅटपिना वापरणाऱ्या बायकांना पन्नास डॉलर दंड करण्याचा नियम केला, तो ट्राममध्ये शेजारच्याच्या गालाला नि डोळ्याला टोके लागू नयेत म्हणूनच. टोकावर घालायच्या टोपणांची पेटंटेही त्याच सुमारास निघाली. आपण ज्या धंद्यात आहात, त्यातला हा सगळ्यात जुना प्रश्न आहे. तो सोडवल्याचा दावा पाकिटावर करून माल विकायचा आणि आतमध्ये भलतेच द्यायचे, ही माझी तक्रार आहे.

आता काय झाले ते लिहिते. रंगीत तालमीत क्लबाच्या प्रसंगात दोन मडमा एकमेकींना भेटतात आणि गालाला गाल लावतात. विगवर हॅट, हॅटमध्ये आपली पिन, पिनेला टोपण, सगळे मी स्वतः विंगेत लावून, ओढून पाहून पाठवले होते. प्रवेश सुरू झाला. मुलीने मान वळवली आणि टोपण निसटून स्टेजच्या फळ्यांवर पडले. पुढच्या रांगेत बसलेल्या मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला, पण स्टेजवरच्या मुलींना कसा येणार? पुढच्याच वाक्याला त्या गळाभेटीला वाकल्या आणि दोन बोटे बाहेर आलेले उघडे टोक दुसरीच्या गालफडापासून कानापर्यंत ओरखडा काढून गेले. रक्त आले. तालीम थांबवून तिला दवाखान्यात नेले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. टोक बोटभर वर लागले असते तर डोळ्यात गेले असते. मुलगी कॉलेजची आहे. तिच्या आईला तोंड द्यायला मी गेले होते, आपली कंपनी नव्हे.

एखादा नग खराब निघतो, हे मला समजते. म्हणून घरी सगळ्या पिना थर्माकोलच्या डोक्यावर विग चढवून, हॅट लावून पाहिल्या. मान वळवल्यासारखे डोके फिरवले, वाकवले, थोडे हलवले. नव्याकोऱ्या पिनांची टोपणे काही वेळ टिकतात. पण विगवर स्प्रे मारला किंवा आधी एकदा वापरलेली टोपणे घेतली, की बहुतेक सगळी सरकतात. बिघाड नगात नाही, रचनेत आहे.

एक टोपण मी ब्लेडने उभे कापले. आत काय असेल असे वाटते? एक काळी रबरी वायसर, बस्स. ना स्प्रिंग, ना छर्रा, ना कसला दात. पिन त्या रबराच्या भोकातून जाते आणि रबर तिला आवळून धरते. आता आपली पिन पाहा. ती गुळगुळीत पॉलिश केलेली आहे आणि शेवटचा बोटभर भाग टोकाकडे निमुळता होत गेला आहे. म्हणजे टोपण जाड भागावर असेपर्यंत पकड असते. एक केसभर टोकाकडे सरकले की खाली पिन बारीक होते, पकड कमी होते, पकड कमी झाली की ते आणखी सरकते. एकदा घसरायला लागलेले टोपण थांबेल असे त्या पिनेवर काहीच नाही. वर विगच्या केसांचा चिवटपणा, स्प्रेचा थर, रंगमंचावरच्या दिव्यांची धग आणि मुलींचा घाम. रबराला हे सगळे बाधते, हे आपल्याकडे कोणाच्या लक्षातच आले नाही का? आणि मान वळली की हॅटचा सगळा भार पिनेवर तरफेसारखा येतो. पिन आत-बाहेर डुलते आणि प्रत्येक डुलण्याने टोपण थोडे बाहेर रेटले जाते. पिन हॅटमध्ये असताना कोणी टोपण सरळ ओढत नाही. आपण बहुधा तेवढेच तपासून पाहिले असावे.

आमच्या शेजारी सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांना दाखवले. त्यांनी पिन बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, याला खाचच नाही, तर लॉक कशात बसणार?” पुढची सूचना त्यांच्याशी बोलून लिहिते आहे. फुकट देते आहे, घ्या.

पिनेचे निमुळते टोक जिथे संपते त्याच्या मागे, सरळ भागावर, एक बारीक गोल खाच हवी. ती उथळ हवी, खोल घेतली तर पिन तिथेच मोडेल. कडा घासून गोल कराव्यात, नाहीतर हॅटचे कापड आणि केस त्यात अडकतात. टोपणात स्प्रिंग आणि बारीक छर्रे असावेत. टोपण रेटले की छर्रे खाचेत बसतात, ‘टक’ असा आवाज येतो आणि बोटाला कळते की बसले. सोडवायचे तर बाहेरची कडी मागे ओढायची. कोटावरच्या चांगल्या बॅजच्या मागे अशीच लॉक येतात. ती उघडली तर आत निमुळत्या नळीत छर्रे दिसतात. पिन सरळ ओढाल तितके ते जास्त आवळतात, कडी ओढल्याशिवाय सुटत नाहीत. मी तशी बॅजची लॉक आपल्या पिनांना लावून पाहिली. भोक लहान पडते, कारण आपली पिन जाड आहे. थोडक्यात, बाजारात जे यंत्र तयार मिळते, त्याचेच भोक आपल्या मापाचे करून घ्यायचे होते.

माझ्या मनात आधी फिरकी आली होती. आमच्या कुड्यांना फिरकी असते, आट्यांवर बसते आणि सहसा पडत नाही. पण ती इथे चालणार नाही. पिनेला आटे पाडले की ते अंबाड्यातून जाताना केस ओढून काढतात आणि विग असेल तर त्याची जाळीच फाडतात. शिवाय विंगेत पोशाख बदलायला सेकंद मिळतात, तिथे फिरकी कोण फिरवत बसणार? खाच आणि छर्रे हाच मार्ग.

टोपण पुढून बंदच हवे. आपल्या टोपणाला वरून भोक आहे आणि सुईचे टोक त्यातून अर्धा-पाऊण मिलिमीटर बाहेर डोकावते. मग ते झाकण्याचा उपयोग काय? बाहेरच्या अंगाला खरखरीत रेघा द्या, लेथवाले त्याला नर्लिंग म्हणतात. घामट बोटांना गुळगुळीत टोपण धरता येत नाही. रंग काळा कशाला? अंधाऱ्या विंगेत पडलेले काळे टोपण शोधून दाखवावे. आणि टोपण जड करू नका, सहा इंची पिनेच्या टोकाला वजन टांगले की हॅट त्या बाजूला कलते. मोती नुसता चिकटवला आहे, काहींचे निघाले. त्यावर फार लिहीत नाही, मोती पडल्याने कोणाचा गाल फाटत नाही.

सेफ्टी पिनेचे पेटंट वॉल्टर हंट यांनी अमेरिकेत १८४९ साली घेतले. तिचे टोक एका खोबणीत अडकते आणि स्प्रिंग ते तिथे दाबून धरते. पावणेदोनशे वर्षांनंतर आपण रबराच्या भरवशावर पिन विकता आहात.

प्रयोग कालिदास कलामंदिरात व्हायचा होता, तो टाळणे शक्य नव्हते. मी खोडरबराचे तुकडे कापून, काळ्या रंगात बुडवून, पिनांच्या टोकांवर खोचले. प्रयोग निर्विघ्न पार पडला. पाच रुपयांचे खोडरबर जे करते, ते आपल्या ‘सेफ लॉक’ला जमत नाही.

आता आपल्या ग्राहक सेवेबद्दल. मी फोन केला, ईमेल केले, फोटो पाठवले. कापलेल्या टोपणाचा फोटो पाहून उत्तर आले की उत्पादन ‘ग्राहकाने खराब केले’ असल्याने परत घेता येणार नाही. कापायच्या आधी परत घेतले असते का? नाही, कारण तोवर परतीची मुदत संपली होती, असेही त्याच ईमेलमध्ये लिहिले आहे. मग दुसऱ्या प्रतिनिधीने पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पिना उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा असे कोणत्या गृहिणीला सुचेल? तिसऱ्या उत्तरात पिना ‘केवळ शोभेसाठी’ असल्याचे सांगून पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले. शोभेसाठीच आहेत, तर ‘टोपी हलणार नाही’ हे पाकिटावर कोणासाठी छापले? कूपन मला नको आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे उत्पादन रचनेतच सदोष असेल, दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे नसेल किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर उत्पादकावर जबाबदारी येते. इथे तिन्ही गोष्टी आहेत. पाकिटात वापराबद्दल एक ओळ नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. मला पोच मिळालेली नाही, फक्त कूपन मिळाले. पाकिटावर उत्पादकाचा पत्ता व माल कोणत्या देशात बनला तेही दिसत नाही. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या नियमांप्रमाणे पत्ता आणि माल परदेशातून आणलेला असेल तर देशाचे नावही छापणे बंधनकारक आहे. मी हा व्यवसाय एकटीने पोट भरण्यासाठी करते. त्यामुळे ‘व्यावसायिक खरेदी होती, तुम्ही ग्राहकच नाही’ हे उत्तर कृपया पाठवू नये, स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना कायद्यात सवलत आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. दोन डझन पिनांचे पूर्ण पैसे व पाठवणीचा खर्च परत करावा. त्या मुलीच्या दवाखान्याचा खर्च द्यावा, पावती सोबत जोडली आहे. टोपणात सुधारणा होईपर्यंत संकेतस्थळावरून व पाकिटावरून ‘सेफ लॉक’ ही हमी काढावी आणि आधी विकलेल्या पिनांच्या ग्राहकांना ईमेलने धोक्याची सूचना द्यावी. आपल्याकडे त्यांचे पत्ते आहेतच, दिवाळीच्या सवलतीचे संदेश मला न चुकता येतात. सुधारित टोपण आले तर ते वेगळेही विकावे, माझ्यासारख्या अनेकांच्या पेट्यांत पिना पडून असतील.

हे पत्र मिळाल्याची पोच दोन दिवसांत यावी. एका महिन्यात समाधानकारक निर्णय न कळवल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. मी जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही, एवढी चौकशी मी करून ठेवली आहे.

पिना मी डब्यात ठेवल्या आहेत. तपासणीसाठी परत हव्या असतील तर कुरियर आपल्या खर्चाने पाठवावे आणि डबा उघडणाऱ्याला आधी सांगून ठेवावे की टोपणांवर विसंबू नये. सोबत बिलाची प्रत, दवाखान्याची पावती, उभ्या कापलेल्या टोपणाचा फोटो आणि खाच कुठे हवी ते दाखवणारे हाताने काढलेले चित्र जोडले आहे. चित्रातली मापे शेजाऱ्यांनी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घ्यायच्या पट्टीने, घेतलेली आहेत.

कळावे,
आपली ग्राहक,
पंचवटी, नाशिक