पथ्यात चहा कुणी विचारतच नाही : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

आमच्या घरात औषध आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पथ्य काय?" आईला दम्यासाठी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली, तेव्हा तिने दवाखान्यात तोच प्रश्न विचारला. आंबट नको, दही नको, फ्रिजचे पाणी नको, असे उत्तर मिळाले. शेजारच्या काकूंनी त्यात केळ्याची भर घातली. मेडिकलमधल्या मुलाने पाकिटावर पेनाने रेघा मारून किती दिवस किती गोळ्या आणि मग कशा कमी करायच्या, तेवढे सांगितले. चहाचे नाव कुणीच काढले नाही. काढणार तरी कसे, आपल्याकडे चहा खाण्यापिण्यात मोजतच नाहीत. आई दिवसाला सहा कप पिते आणि विचारले तर "दोनदा" म्हणते. उरलेले चार आल्यागेल्याबरोबरचे. ते तिच्या हिशेबात धरायचे नसतात.

गोळीही ती चहाबरोबरच घ्यायची. पहाटे पाचला, रिकाम्या पोटी.

चौथ्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खडखडाट झाला. उठून बघते तर आई चिंच लावून तांब्याची भांडी घासत बसलेली. "झोप येत नाही, तर काम तरी उरकेल." पुढच्या आठवड्यात डबे झाले, मग माळा झाला. घर लखलखीत झाले, पण तिचे हात कापत होते, छातीत धडधडत होते आणि कधी नव्हे ती नातवंडांवर खेकसत होती. दिवसा अंग जड पडे, म्हणून आणखी चहा. मग झोपेची गोळी आली, जळजळीसाठी दुसरी, वाढलेल्या रक्तदाबासाठी तिसरी. तीन आठवड्यांत दम्याच्या दोन गोळ्यांच्या पाच झाल्या, आणि दर वेळी नवी गोळी देणाऱ्याने आधीची का सुरू झाली ते विचारले नाही.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला विचारले, "आजी, काल सकाळपासून काय काय प्यायलात ते क्रमाने सांगा." सांगता सांगता तिचीच बोटे संपली.

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात सांगते. आपले शरीर स्वतःचे स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, पहाटे सर्वाधिक बनवते. रात्री त्याचा जोर ओसरतो तेव्हा झोप येते. प्रेडनिसोलोन त्याच जातीचे औषध, म्हणून ते सहसा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायचे. तरीही झोप उडणे, बेचैनी, धडधड, पित्त, रक्तदाब आणि साखर वाढणे हे त्याचे ओळखीचे त्रास आहेत. चहा-कॉफीतल्या कॅफीनची गंमत अशी की तेही याच दारांवर थाप मारते. झोपेची पेंग आणणारा अॅडिनोसिन नावाचा निरोप ते मेंदूपर्यंत पोचू देत नाही. रक्तदाब काही तास वर नेते, जठरातले आम्ल वाढवते. स्टेरॉइड हाडांतले कॅल्शियम कमी करते. भरपूर कॅफीनने लघवीवाटे थोडे आणखी जाते. दोघांचे आपसात भांडण नाही, उलट एकाने पेटवलेल्या चुलीत दुसरा लाकूड सारतो. शिवाय कॅफीन शरीरातून निम्मे कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अर्धा जागा असतो.

आईच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. दम्यासाठी तिला थिओफायलिनचीही गोळी होती. थिओफायलिन आणि कॅफीन ही रसायनशास्त्रात सख्खी चुलत भावंडे, आणि यकृतात दोघांचा निचरा एकाच वाटेने होतो. चहा-कॉफी जास्त झाली की थिओफायलिन रक्तात रेंगाळते. मग हात कापणे, मळमळ, धडधड. आपल्या राज्यात दम्याच्या किती म्हाताऱ्या माणसांना स्टेरॉइड, थिओफायलिन आणि टपरीचा चहा एकदमच चालू असेल, याचा अंदाज कोणत्याही एसटी स्टँडवर दहा मिनिटे उभे राहिले तरी येईल.

साखरेचे तर वेगळेच. उपाशीपोटीची तपासणी ठीक आली, म्हणून सगळे निर्धास्त होते. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन साखर वाढवते ती बहुधा दुपारी आणि संध्याकाळी. नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटे. जेवणानंतरची तपासणी केली तेव्हा आकडा 268 निघाला. 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या काळात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर एकत्र आले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. तो धडा आपण फक्त कोविडच्या कपाटात बंद करून ठेवला, असे मला वाटते.

आता मुद्द्यावर येते, कारण घरची रडगाणी ऐकायला आपल्याला वेळ नाही.

मी नवा कायदा मागत नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाचे समुपदेशन करावे, असे लिहिलेलेच आहे. औषध कसे घ्यायचे, काय काळजी घ्यायची, कोणते त्रास होऊ शकतात, डोस चुकला तर काय करायचे, हे सगळे त्यात येते. प्रत्यक्षात काउंटरवर जे मिळते ते म्हणजे पाकिटावरच्या तीन रेघा. प्रेडनिसोलोन शेड्यूल एच मधले, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता न येणारे औषध आहे. तरी जुनी पट्टी दाखवून ते मिळते, हे आपले खाते जाणतेच. गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या विकणारे तर वेगळेच. त्यांच्या पुडीत स्टेरॉइड असले तर रुग्णाला कशाचे पथ्य पाळायचे तेही कळत नाही.

2024 च्या पावसाळी अधिवेशनात सरकारने शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफीनची एनर्जी ड्रिंक्स विकू देणार नाही, अशी घोषणा केली होती. चांगली होती. म्हणजे कॅफीन हा औषधासारखा परिणाम करणारा पदार्थ आहे, हे सरकारला मान्य आहे. केंद्राच्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन चालते, आणि मुलांनी, गर्भवतींनी, स्तनदा मातांनी ते पिऊ नये, असा इशारा डब्यावर लागतो. औषध चालू असलेल्या माणसाबद्दल मात्र त्यात काही नाही. असला तरी तो इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात असता.

मला चहावर बंदी नको आहे. चहा एकदम तोडला तर डोके ठणकते, ते आम्ही भोगले. "स्टेरॉइड वाईट, आजच बंद कर" असे सांगणारेही भेटले, आणि ते चहापेक्षा घातक. काही आठवडे गोळी घेतली की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे मंदावते. गोळी अचानक थांबवली तर चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणे, जिवावर बेतणेही होऊ शकते. आई आता दोन कप घेते, पहिला नाश्त्यानंतर, दुसरा दुपारच्या जेवणाआधी. चारच्या चहाला ती "अर्धा" म्हणते. तो अर्धा किती मोठ्या कपात असतो, ते मी बघत नाही.

औषध निरीक्षक दुकानात येतात तेव्हा फ्रिज, बिलबुक आणि मुदत संपलेला माल तपासतात. त्याच फेरीत त्यांनी एक प्रश्न विचारावा : स्टेरॉइड देताना रुग्णाला काय सांगता? आणि गोळीबरोबर मराठीत एक चिठ्ठी द्यायला लावावी. मजकूर मीच लिहून देते, आपल्या खात्यातल्या जाणकारांनी तपासून घ्यावा :

"या गोळीने झोप उडू शकते, धडधड होऊ शकते, पित्त, साखर आणि रक्तदाब वाढू शकतो. चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक यांनी हे त्रास आणखी वाढतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर गोळी सकाळी नाश्त्यानंतर पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. दुपारनंतर चहा-कॉफी टाळा. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते, घेण्याआधी विचारा. साखर जेवणानंतरचीही तपासा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका."

आपली,
एका दमेकरी आईची मुलगी
कराड