गाळलेली ती 118 टक्क्यांची ओळ

संपादक महोदय,
स. न.

31 वर्षे आरोग्य खात्यात नोकरी करून, आधी उपकेंद्रात सेविका आणि शेवटी सहायिका म्हणून, मी निवृत्त झाले. माझी भाची सध्या हेल्थकेअर डेटा अॅनालिस्टचा कोर्स करते. दिवाळीत आली तेव्हा लॅपटॉप सोबत होता. सरावाला उपकेंद्रवार लसीकरणाचा तक्ता दिलेला. एका उपकेंद्रापुढे पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) पहिल्या डोसचे 118 टक्के आले, म्हणून ती ओळच तिने काढून टाकली होती. "शंभराच्या वर कसं जाईल, मावशी? सर म्हणाले, असं दिसलं की गाळायचं."

मी विचारले, छेदात काय धरलेय? गावाच्या लोकसंख्येवरून काढलेली अपेक्षित बालके. आणि अंशात? तिथे टोचलेली सगळी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याचे डोस माहेरच्या गावात होतात आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस येते तोवर लेक सासरी गेलेली असते. एकही बाळ सुटलेले नसले तरी माहेरचा आकडा फुगतो, सासरचा पडतो. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. एसक्यूएल आणि पॉवर बीआय ही आकडेवारी हाताळायची संगणकी साधने मात्र तिला छान येतात, आणि ती यायलाच हवीत.

मग तिने जन्मवजनाचा आलेख दाखवला. बरोबर अडीच किलोवर उंच खांब, त्याच्या अलीकडे एकदम खड्डा. मला तो काटा डोळ्यांसमोर आला. झोळीत बाळ रडतेय, हातपाय झाडतेय, सुई थरथरतेय, आजी म्हणतेय लवकर घ्या, गारठेल. सुई 2.4 आणि 2.5 च्या मध्ये. अशा वेळी हात अडीच लिहून मोकळा होतो, माझाही झाला असेल. पण अडीचच्या खालचे ते कमी वजनाचे. त्या एका आकड्याने बाळ जादा लक्ष द्यायच्या यादीतून सुटते. आलेखातला तो खांब दिसला की पुढचे गणित करण्याआधी थांबायला हवे, हे या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवा.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हेही. 'मृत्यू झाला नाही' आणि 'अहवालच आला नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसेच, 200 बाळंतपणांत एक माता दगावली तर हिशेबाने लाखाला 500 येतात. 2018-20 चे राज्याचे माता मृत्यू प्रमाण लाखाला 33 होते. एवढ्यावरून त्या केंद्राला लाल रंग देऊ नये. ती एक बाई का गेली, हे जाऊन विचारावे.

माझी विनंती एवढीच, की कोर्स चालवणाऱ्यांनी प्रत्येक तुकडीला निदान चार दिवस उपकेंद्रात पाठवावे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तशी परवानगी द्यावी. गरोदर मातांची नोंदवही उघडून, नावे बाहेर न नेता, एक महिन्याचा अहवाल मुलांनी हाताने भरावा. आशाताईंबरोबर दोन घरी जावे. आमच्या तालुक्यात कोणी येणार असेल, तर लसीकरणाच्या दिवशी त्यांच्यासोबत बसायला मी तयार आहे.

– एक निवृत्त आरोग्य सहायिका, जि. सातारा