गाडी मागं घेताना

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

परवा १५ तारखेला तू सकाळी ७ वाजता लॅपटॉप उघडून बसलास आणि योसेमिटी नॅशनल पार्कचं बुकिंग मिळालं म्हणून लगेच आम्हाला व्हिडिओ कॉल लावलास, आमच्याकडं रात्रीचे साडेआठ वाजले होते, आई भाकरी थापत होती. पाच महिने आधी बसावं लागतं आणि पाच मिनिटांत सगळं संपतं म्हणालास, तरी मिळालं, पुन्हा तेच अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंड आणि पुन्हा तीच तीस फुटी आरव्ही, चाकांवरचं घरच ते. तुझा आनंद बघून बरं वाटलं. तेवढ्यात मागं भांडी लावत असलेली सूनबाई हसत म्हणाली, "यावेळी मी नाही हं गाडीच्या मागं उभी राहणार." तू हसलास, आई पण हसली. मी फोन ठेवला आणि रात्री बराच वेळ जागाच होतो. ती हसली खरी पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं रे. म्हणून हे लिहायला घेतलंय, फोनवर बोललो असतो तर तू दोन मिनिटांत "हो आण्णा, बरं आण्णा" करून मोकळा झाला असतास.

गेल्या सप्टेंबरला आपण तिथं गेलो तेव्हा मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. एक शब्द बोललो नाही, कारण गाडी तुझी, देश तुझा, आणि स्टेअरिंगवरच्या माणसाशी शेजारच्यानं बोलू नये ही माझी ३२ वर्षं बस चालवतानाची सवय. पण मी सगळं बघत होतो.

अंधार पडता पडता आपण कॅम्पग्राउंडमध्ये शिरलो. एकेरी रस्ता, तो पण जेमतेम, दोन्ही बाजूला हे मोठे पाइन, त्यांची मुळं डांबर फोडून वर आलेली, जागोजागी दगड, टेबलं, लोखंडी पेट्या अस्वलापासून खाणं लपवायच्या. आणि आपल्या पुढं ती म्हातारी जोडी, त्यांची गाडी आपल्याहून मोठी. आजोबा स्टेअरिंगवर, आजी खाली उतरून मागं टॉर्च घेऊन. एकदा मागं घेतली, बसेना, पुढं काढली. परत मागं, परत पुढं. तिसऱ्यांदा ते पुढं आले तेव्हा तू हॉर्न मारलास. छोटासाच मारलास पण मारलास. त्या आजी दचकल्या, टॉर्च हलली, आणि आजोबांनी ब्रेक मारून गाडी थांबवली ती मिनिटभर हललीच नाही.

बाळा, रिवर्समधल्या माणसाला हॉर्न मारणं म्हणजे सुईत दोरा ओवणाऱ्याचा हात हलवणं. त्याचं सगळं ध्यान आरशात असतं, त्याला कळत नाही हॉर्न कशाला वाजला, मागं कोण आलं का, काय लागलं का, मग तो एकतर घाबरून थांबतो नाहीतर घाईत सोडतो आणि ठोकतो. आपल्याकडं घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा कायदाच आहे, तुझ्या कॅलिफोर्नियात पण अरुंद चढावर तसंच आहे असं तूच मला सांगितलं होतंस. का, तर जो जास्त अडचणीत त्याला आधी मोकळं करायचं. कॅम्पग्राउंडमध्ये जो रिवर्स घेतोय तो चढणारा समज. दोन गाड्यांचं अंतर सोडून थांब, त्याला पुढं काढायला जागा लागते ती आपण खाऊन टाकतो हे कळतच नाही आपल्याला. हेडलाइट डिपर कर, नाहीतर त्याच्या आरशात नुसता उजेड. इंडिकेटर चारी लाव म्हणजे मागून येणाऱ्यालाही कळतं की इथं काहीतरी चाललंय. आणि बस निवांत. किती वेळ लागला असता, सात मिनिटं, आठ मिनिटं? मुक्कामालाच तर आलो होतो आपण, पुढं कुठली फेरी होती का?

मग आपली साइट आली, गाडी लावायची आपली ठरलेली जागा. आणि हे लिहायला मला जड जातंय पण लिहितो. सूनबाई खाली उतरली, मागं गेली, दिवसभराची दमलेली, लेकीला आईच्या मांडीवर झोपवून. तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं मागं उभं राहून काय करायचं असतं. ती "डावीकडं" म्हणाली, तू तुझ्या डाव्या हाताला काटलीस, तिचं डावं वेगळं आणि तुझं डावं वेगळं कारण ती तुझ्याकडं तोंड करून उभी. पाण्याच्या नळाचा खांब हातभर राहिला. आणि तू खिडकीतून तिच्यावर ओरडलास. रात्रीची वेळ, शांत जंगल, आजूबाजूला तंबूत पोरंबाळं झोपायला लागलेली, त्या सगळ्यांसमोर. मराठीत ओरडलास म्हणून काय झालं, ओरडणं कुठल्याही भाषेत कळतं. समोरच्या साइटवरची ती बाई शेकोटीपासून उठली, काही न बोलता तिचा पिकअप काढून आपल्या तोंडाला जागा करून दिली आणि परत जाऊन बसली. सूनबाई नंतर जेवली नाही हे तुला आठवतं का मला माहीत नाही. मला आठवतं.

आता माझं ऐक. हे मी तुला कधी सांगितलं नाही, तुझ्या आईला सोडून कुणालाच सांगितलं नाही.

१९९४ चा मे महिना. तू तेव्हा पाळण्यात होतास. पाटण तालुक्यातल्या एका वरच्या गावाला माझी मुक्कामी गाडी असायची, रात्री साडेनऊला पोचायचं, मारुतीच्या देवळापुढं गाडी वळवून लावायची, पहाटे साडेपाचला पहिली फेरी. गाडी म्हणजे साधारण ३५ फूट आणि देवळापुढची जागा एवढीशी, एका अंगाला पार, दुसऱ्या अंगाला घरं. रोजचं होतं, डोळे झाकून वळवीन असं वाटायचं. त्या दिवशी कंडक्टर नवीन पोरगा होता, महिनाभर झाला असेल नोकरीला. तो उतरला, मागं गेला, शिट्टी मारायला लागला. मी निम्मी गाडी मागं घेतली आणि त्यानं थांबायची शिट्टी मारली. मला माहीत होतं की अजून चार हात जागा आहे. रोजची जागा. मला वाटलं पोरगं नवीन आहे, घाबरतंय, आणि मला भूक लागली होती, आणि मी सोडली मागं. गाडीच्या मागच्या कोपऱ्यानं एका म्हातारीच्या अंगणातलं तुळशी वृंदावन पाडलं.

उन्हाळा होता, लोक अंगणात झोपायचे. म्हातारी कंदील घेऊन बाहेर आली आणि वृंदावनाकडं बघितलंच नाही तिनं, "पोरगं कुठाय, माझं पोरगं कुठाय" एवढंच. तिचा नातू वृंदावनापलीकडं खाटेवर झोपला होता. मी नंतर हातानं मोजलं. दीड हात. त्या पोराला कंडक्टरनं बघितलं होतं म्हणून शिट्टी मारली होती, मला आरशात खाट दिसतच नव्हती.

वृंदावन मी पुढच्या पगारातून गवंडी लावून बांधून दिलं. त्या कंडक्टरची देवळाच्या पायरीवर बसून माफी मागितली, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होता तो. त्यानंतर २०१६ ला रिटायर होईपर्यंत २२ वर्षं कंडक्टर खाली उतरल्याशिवाय मी गाडी मागं घेतली नाही, आणि त्यानं थांब म्हटलं की थांबलो. तो चुकीचा असला तरी थांबलो. थांबून, हँडब्रेक लावून, खाली उतरून बघितलं, मग पुढचं. कितीदा तो चुकीचाच असायचा. तरी उतरायचो.

तर आता कामाचं बोलतो, हा भाग सूनबाईलाही वाचून दाखव.

पहिलं म्हणजे साइटची सगळी माहिती बुकिंगच्या पानावर असते ना, ड्रायव्हवे किती फुटाचा, रिवर्स घालायची आहे का आरपार जाणारी, ते नीट बघ. तिथं ३५ फुटांपर्यंतची आरव्ही चालते पण प्रत्येक साइटवर तेवढी बसतेच असं नाही. आणि जमलं तर रस्त्याच्या डाव्या हाताची साइट घे. तू डावीकडं बसतोस, डावीकडं गाडी मागं घेताना तुला खिडकीतून मान काढून मागचं चाक दिसतं, उजवीकडं घेताना नुसता आरसा आणि अंदाज. आमचं उलटं असायचं, आम्ही उजवीकडं बसणारे, म्हणून डावा कोपरा कायम कंडक्टरचा.

त्या गाडीचं मागचं चाक आणि बंपर यात सहज नऊ-दहा फूट आहेत. मी पायानं मोजलं होतं तुम्ही चहा पीत होता तेव्हा. म्हणजे पुढं जाताना तू डावीकडं काटलीस की शेपूट उजवीकडं फेकली जाते, साइटमधून बाहेर पडताना लोक इथंच टेबल नाहीतर झाड घासतात. बाहेर पडताना आधी अर्धी गाडी सरळ काढ, मग काट. आणि मागं घेताना तोंड फिरतं ते समोरच्याच्या अंगणावर जातं, म्हणून त्या बाईनं पिकअप काढला होता. वर पण बघत जा, गाडी बारा फूट उंच आहे आणि पाइनची फांदी आरशात दिसत नाही.

मागं एकच माणूस. दोघं-तिघं सांगायला लागले की गाडी ठोकलीच. तुझा ऑफिसातला मित्र यावेळी बरोबर आहे म्हणालास, त्याला लेकरांना धरून लांब उभं राहायचं काम दे, तेही मोठं काम आहे, सायकलवरची पोरं कुठून येतात कळत नाही तिथं. गाडी हलवायच्या आधी दोघंही खाली उतरा, साइट पायी चालून बघा, नळ कुठं, खांब कुठं, दगड कुठं, आणि खुणा तिथंच ठरवा. डावं-उजवं म्हणायचंच नाही, ड्रायव्हर साइड आणि दार साइड म्हणायचं, मग तोंड कुठंही असो चुकत नाही. दोन्ही हात डोक्यावर फुली म्हणजे थांब. दोन हातातलं अंतर म्हणजे तेवढी जागा राहिली. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की लगेच ब्रेक, विचार नंतर. काचा खाली, गाणी बंद. फोनवर विसंबू नको, त्या झाडीत रेंज येते जाते. माझी जुनी शिट्टी पाठवावी असं मनात आलं होतं पण तिथं नको, लोक शांततेला आलेले असतात. ती म्हातारी जोडी छोट्या वॉकीटॉकीवर बोलत होती, किती हळू आवाजात, तसलं काहीतरी घ्या.

आणि तीनदा पुढं काढावी लागली तर काढ. पाचदा काढ. त्यात कमीपणा नाही. मागं कुणी थांबलं असेल तर एकदा हात वर करून दाखव, आणि साइट समोर असूनही बसेनाच तर शेजारची रिकामी असेल तिथं बाजूला घेऊन आधी त्याला जाऊ दे, मग तुझं निवांत कर.

उजेडात पोचा. हे मी आधी लिहायला हवं होतं. त्या दिवशी वाटेत मर्सेड गावच्या दुकानात दीड तास गेला तिथंच पुढचं सगळं बिघडलं. सामान आदल्या रात्री भरा, दुपारी तीनच्या आधी आत शिरा. रात्री १० ते सकाळी ६ तिथं आवाज करायचा नाही असा नियम आहे, जनरेटरच्या पण ठरलेल्या वेळा आहेत, ते तू पाळलंस, चांगलं केलंस. फक्त बाथरूमला जाताना लोकांच्या साइटमधून आडवं जाऊ नका, रस्त्यानं जा, चार पावलं जास्त पडतील. कुणाच्या अंगणातून आपण असं जाऊ का गावाला?

आता राहिलं सूनबाईचं. त्या रात्रीबद्दल तू तिच्याशी कधी बोललास का? नसशील तर मे महिन्यातल्या या ट्रिपची वाट बघू नको. तुम्हा दोघांत मी पडणार नाही, पण एवढं सांगतो की गाडीच्या मागं उभा राहणारा माणूस अंधारात, तीस फुटी गाडी अंगावर येत असताना, तुझ्या ब्रेकवर भरवसा ठेवून उभा असतो. ती तशी उभी होती. तिचा भरवसा आधी परत मिळव आणि मग विचार की मागं उभी राहशील का. नाही म्हणाली तर नाही. मग तिला स्टेअरिंगवर बसव आणि तू मागं उभा राहा, लायसन तिच्याकडंही आहे, आणि रिकाम्या पार्किंगमध्ये रविवारी दोन तास प्रॅक्टिस केली तर तुझ्याइतकी येईल तिला. कदाचित तुझ्याहून बरी, तिला घाई नसते.

आईनं भाजणी आणि मेतकूट करून ठेवलंय, कुणी येणारं असेल तर कळव. साइटचा नंबर पाठव, रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे ते पण बघून सांग. लेकीला पापा.

तुझे
आण्णा

ता. क. मागच्या वेळची टॉर्च अगदीच मिणमिणती होती, चांगली घे, दोन घे. मागं उभं राहणाऱ्याचा उजेड जमिनीवर पाहिजे, तुझ्या आरशात नको.