विषय: वरचा मजला गार, तुमच्याकडे तक्रार मात्र 'निकाली'

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल तुमच्या कॉल सेंटरवरून मला कळवण्यात आलं की माझी तक्रार बंद केली आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "ग्राहकाने रेडिएटर गरम असल्याचे मान्य केले." हे मी नेमकं कधी आणि कसं मान्य केलं ते पुढे लिहितेच. आधी बिघाड काय आहे ते पुन्हा एकदा सांगते, कारण तुमच्या नोंदीत तो कुठेच सापडत नाही.

घर तापवण्यासाठी पाणी गरम करणारा बॉयलर तुमचा. बसवला तुमच्या माणसांनी. देखभालीचा वार्षिक करारही तुमचाच, आणि त्याचे पैसे मी आगाऊ भरलेले आहेत. रेडिएटर (ते गरम पाणी आत फिरून खोली तापवतात ते) आणि पाइप जुने, बिडाचे, घराबरोबर आलेले. पण करार करताना तुमच्या माणसाने ते सगळे पाहिले, मोजले, वर "असा माल आता मिळत नाही" म्हणून कौतुकही केलं. तेव्हा ते जुने आहेत हा शोध तुम्हाला या थंडीत लागलेला नाही.

थंडी सुरू होण्याआधी तुमचा तंत्रज्ञ वार्षिक देखभालीला आला. एक गळका व्हॉल्व्ह बदलायचा म्हणून त्याने सिस्टममधलं सगळं पाणी काढलं, व्हॉल्व्ह बदलला, पाणी परत भरलं, बॉयलर चालू केला आणि सही घेऊन गेला. वरच्या मजल्याची पायरीसुद्धा चढला नाही. रिकामी करून पुन्हा भरलेल्या सिस्टममध्ये हवा अडकते, ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते आणि प्रत्येक रेडिएटरच्या माथ्याशी असलेला हवेचा छोटा व्हॉल्व्ह चावी फिरवून उघडून ती काढावी लागते. हा तुमचा धंदा आहे, तेव्हा यापेक्षा जास्त समजावून सांगत नाही. त्या दिवसापर्यंत वरच्या खोल्या नीट तापत होत्या. त्या दिवसापासून वरचे सगळे रेडिएटर खालून गरम आणि वरून गार आहेत.

यानंतर आलेल्या तुमच्या माणसांनी काय केलं? एकाने थर्मोस्टॅटची बॅटरी बदलली. एकाने खोलीचे पडदे आखूड करायला सांगितले (केले). एकाने रेडिएटरवरची लाकडी झाकणं काढायला लावली (ती मी आधीच काढून माळ्यावर टाकली होती, सोफाही पुढे ओढला होता आणि बाहेरच्या भिंतीकडच्या रेडिएटरमागे चकाकणारा फॉइलही लावला होता). आणि एकाने बॉयलरचं तापमान 70 वरून 80 अंशांवर नेलं आणि "आता बघा" म्हणाला.

बघितलं. पाण्याचं सरासरी तापमान 70 असेल आणि खोली 20 वर असेल, तर फरक 50 अंशांचा. तो 60 केला की रेडिएटर साधारण सव्वापट उष्णता देतो, हे मलाही मान्य आहे. पण ती देतो पाणी भरलेला भाग. वरच्या अर्ध्या भागात पाणीच नाही, तिथे हवा बसली आहे. तेव्हा शून्याची सव्वापट किती होते, ते कृपया तुमच्या लेखा विभागाकडून तपासून घ्यावं.

वर, तापमान वाढवल्यामुळे दुसराच उपद्रव वाढला. बॉयलर पूर्ण गार असताना गेजवर (पाण्याचा दाब दाखवणाऱ्या मापकावर) 0.5 बार दिसतं. तोच तापला की काटा जवळजवळ 3 बारपर्यंत चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. मग सिस्टम गार झाली की काटा पुन्हा खाली, कधी आधीपेक्षाही खाली. हे मी तुमच्या प्रत्येक माणसाला सांगितलं. त्यांतल्या एकाने गेज पाहिलं ते बॉयलर अर्धवट तापलेला असताना. काटा दीड बारवर होता. "परफेक्ट आहे मॅडम," म्हणाला.

परफेक्ट! तळघरातल्या गेजपासून वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचं डोकं 6 मीटर उंचावर आहे. 10 मीटर पाणी उभं धरायला साधारण 1 बार लागतो. म्हणजे तिथवर पाणी नुसतं पोचायलाच 0.6 बार हवेत आणि हवा बाहेर ढकलायला त्यावर थोडे अधिक. 0.5 बारवर पाणी फिरवणारा पंप बंद करून वरची चावी फिरवली तर हवा बाहेर येत नाही, उलट आत ओढली जाते. तुमचा माणूस ज्या दिवशी पाणी भरून गेला त्या दिवशी त्याने गार बॉयलरचं गेज पाहिलं असतं आणि वर जाऊन चावी फिरवली असती, तर हे पत्र मला लिहावंच लागलं नसतं.

आता काटा इतका वरखाली का होतो? पाणी 10 अंशांवरून 80 वर गेलं की सुमारे 3 टक्के फुगतं. 100 लिटरला जवळजवळ 3 लिटर जास्तीची जागा लागते आणि ती द्यायला बॉयलरशेजारी तो लाल एक्स्पान्शन टँक बसवलेला असतो. त्याच्या आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवेच्या बाजूला मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबली की हवा यायला हवी. मी दाबली, पाणी आलं. पडदा फाटलाय, टँक पाण्याने भरलाय, फुगलेल्या पाण्याला जायला जागा नाही. म्हणून दाब चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह ते पाणी बाहेर टाकतो आणि गार झाल्यावर सिस्टममध्ये पाणी कमी पडतं. यावर तुमच्या माणसांचा उपाय काय? दर वेळी नळ उघडून ताजं पाणी भरणं. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, म्हणजे पुन्हा हवा आणि शिवाय गंज. टँक बदलायचं नाव कोणी काढलं नाही. वर जाऊन हवाही कोणी काढली नाही. हे मी आधी लिहिलंय. पुन्हा लिहिते, कारण फोनवर सांगून ते तुमच्या कुणाच्या कानात शिरलेलं नाही.

पूर्वी तुमच्याकडून एक वयस्क तंत्रज्ञ यायचे. आल्यावर बॉयलर बंद करायचे, गार होईपर्यंत थांबायचे, मग खिशातून पितळी चावी काढून खालच्या मजल्यापासून एकेक रेडिएटर करत वर जायचे. फडक्यावर पाण्याची सरळ धार येईपर्यंत चावी सोडायचे नाहीत, आणि पुन्हा खाली येऊन गेज बघायचे. तेव्हाही रेडिएटर हेच होते, बिडाचे आणि जुने. ते येईनासे झाले तेव्हा त्यांच्याबरोबर ती चावीही गेली की काय, कोण जाणे.

आता कालच्या फोनबद्दल. तुमच्या 'उत्कृष्ट सेवेचं' संगीत पुरेसं ऐकून झाल्यावर एक प्रतिनिधी आले. संभाषण तुम्ही ध्वनिमुद्रित करता असं सुरुवातीलाच सांगता, तेव्हा पडताळून पाहा.

"मॅडम, रेडिएटर गरम होतोय का?"

"खालून गरम, वरून गार."

"म्हणजे गरम होतोय."

"अर्धा."

"मॅडम, माझ्याकडे 'हो' आणि 'नाही' एवढेच पर्याय आहेत."

"मग 'नाही' लिहा."

"पण तुम्ही आत्ताच गरम म्हणालात ना."

झालं. हेच ते माझं 'मान्य करणं'. त्यानंतर मी त्यांना शांतपणे (हो, तोवर मी शांत होते) सांगितलं की खालच्या एका रेडिएटरची चावी फिरवली तर शाईसारखं काळं पाणी येतंय, आणि त्या रेडिएटरचा मधला तळभाग गार लागतोय, म्हणजे तिथे गाळ बसलाय. यावर कळफलक बडवल्याचा आवाज आला आणि मला उत्तर मिळालं, "मॅडम, पाणी काळं येत असेल तर ती तक्रार पाणीपुरवठा विभागाकडे करावी लागेल."

मी विचारलं, हे पाणी नळाचं नाही, तुमच्या बॉयलरमधून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत बॉयलरमध्ये, असं त्याच त्या पाइपांतून गोल फिरणारं आहे, याची तुम्हाला कल्पना आहे का? ते म्हणाले, "मी वरिष्ठांना विचारतो." पुन्हा संगीत. वरिष्ठांना विचारून आल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमची सिस्टम जुनी आहे. वयोमानाप्रमाणे ती एवढीच तापणार." फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेल्या माझ्या आईने मला विचारलं, "तो माझ्याबद्दल बोलतोय का गं?"

मी टँकच्या व्हॉल्व्हमधून पाणी आल्याचंही सांगितलं. त्यावर मात्र ते लगेच जागे झाले. ग्राहकाने उपकरणाला स्वतः हात लावल्यास वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, असं त्यांनी न अडखळता वाचून दाखवलं. म्हणजे तुमच्या माणसाने हात लावायचा नाही आणि मी लावला तर वॉरंटी जाणार. शेवटी, "आणखी काही मदत करू शकतो का?" पहिली मदत कोणती केलीत, एवढंच मी विचारलं. फोन कट झाला. थोड्या वेळात तक्रार बंद झाल्याचा मेसेज.

आणि याच सगळ्याच्या जोडीला तुमच्या विक्री विभागाने मोठ्या क्षमतेच्या नव्या बॉयलरचं कोटेशन पाठवलं आहे. "सध्याचा बॉयलर घराला अपुरा पडत असल्याने," असं त्यात लिहिलंय. हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी एकदा तळघरात येऊन बॉयलरसमोर उभं राहावं. बॉयलर पेटतो, काही मिनिटांत ठरवलेल्या तापमानाला पोचतो आणि बंद होतो. थोड्या वेळाने पुन्हा पेटतो, पुन्हा बंद. बाहेर जाणारा पाइप आणि रिटर्नचा (पाणी परत आणणारा) पाइप दोन्ही जवळपास सारखेच गरम असतात. खालचे, बॉयलरजवळचे दोन रेडिएटर हात लावू देत नाहीत, कारण सगळं पाणी तिथूनच वळून परत येतंय. अपुरा पडणारा बॉयलर थंडीत बंदच होत नाही. तो चालत राहतो आणि तरी तापमान गाठू शकत नाही. आमचा तर बंद व्हायलाच टपलेला असतो, कारण त्याने तयार केलेली उष्णता न्यायला वर कोणी नाही. इथे मोठा बॉयलर बसवला तर तो आणखी लवकर बंद होईल, एवढाच फरक. हे तुम्हाला कळत नसेल असं मला वाटत नाही. कळत असूनही कोटेशन पाठवलंत, असंच मी धरून चालते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. तुमचं नाव पाहून मी दोन नातेवाइकांना तुमचाच बॉयलर घ्यायला लावला होता. आता घरच्या कार्यात त्यांच्यासमोर जाणंही नको वाटतं.

मला काय हवंय ते सांगते. जाणता माणूस पाठवा. त्याने एक्स्पान्शन टँक बदलावा आणि नव्या टँकमधली हवा आमच्या घराच्या उंचीप्रमाणे, पाणी जोडण्याआधी मोजून घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्ह इतके दिवस ठिबकतोय, त्याची बैठक खराब झाली असेल तर तोही बदलावा. सिस्टम फ्लश करून गाळ काढावा, रिटर्नच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवावा आणि गंजरोधक औषध घालावं. मग गार सिस्टममध्ये पुरेसा दाब भरून खालपासून वरपर्यंत प्रत्येक रेडिएटरची हवा काढावी. सगळ्यात शेवटी खालच्या त्या दोन रेडिएटरचे रिटर्नकडचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळून वरच्यांना पाणी मिळेल असं बघावं. आणि जाण्याआधी वरच्या मजल्यावर जाऊन प्रत्येक रेडिएटरच्या माथ्याला हात लावावा. हे बहुतेक सगळं तुमच्याच करारात 'वार्षिक देखभाल' या शीर्षकाखाली छापलेलं आहे. मी वाचलंय. तुम्हीही वाचा.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत काम झालं नाही तर मी बाहेरचा तंत्रज्ञ बोलावून ते करून घेईन, बिल तुम्हाला पाठवीन, कराराचे उरलेले पैसे परत मागीन आणि या पत्राची प्रत ग्राहक आयोगाकडे देईन. कालच्या फोनचं ध्वनिमुद्रण जपून ठेवा, तिथे ते ऐकवावं लागेल. बंद केलेली तक्रार आजच्या आज पुन्हा उघडा आणि मी न केलेलं ते 'मान्य' खोडून टाका.

आपली ग्राहक (तूर्तास)

ता. क. नव्या बॉयलरच्या कोटेशनची मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे असं त्यावर लिहिलं आहे. ती वाढवण्याची तसदी घेऊ नये.