आकडे छापलेत, शोध कुठे आहे?

मा. संपादक,

लहान मुलांच्या भुलीवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांवरचा अर्ध्या पानाचा लेख कालच्या अंकात वाचला. आमच्या शाखेला एवढी जागा क्वचितच मिळते, त्याबद्दल आभार. पण या संशोधकाने शोधून काय काढले, ते लेख दोनदा वाचूनही कळले नाही. शोधनिबंध किती, इतरांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले, एच-इंडेक्स किती, जगातल्या आघाडीच्या दोन टक्क्यांत नाव कसे आले, एवढेच सारे. टेबलावर झोपवलेल्या बाळाच्या बाबतीत त्यामुळे काय बदलले, याची एक ओळही नाही.

एच-इंडेक्स ४० म्हणजे प्रत्येकी किमान ४० वेळा दाखला दिला गेलेले ४० निबंध. दाखला मान्य करण्यासाठी दिला की खोडून काढण्यासाठी, हे त्या आकड्यात दिसत नाही. जपानचे भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांचे निबंध अनेक वर्षे दाखल्यांत येत राहिले. २०१२ मध्ये तिथल्याच भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत त्यांचे १७२ निबंध बनावट ठरले. त्यांची आकडेवारी संशयास्पदरीत्या नीटनेटकी आहे, हे काही डॉक्टरांनी २००० सालीच एका नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून कळवले होते.

माझा राग मात्र जुना आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की भुलीच्या औषधांचा मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. तो तीन वर्षांखालच्या मुलांसाठी होता, आणि तोही भूल तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा द्यावी लागली तर. त्या बातमीच्या तुमच्या मथळ्यात यातली एकही अट नव्हती. भुलीने मुलांच्या मेंदूला धोका, एवढेच मोठ्या टायपात. ते कात्रण खिशात घेऊन एक बाप माझ्याकडे आला. बाळ काही महिन्यांचे, जांघेत हर्निया, तासाभराच्या आतले ऑपरेशन. मी समजावत राहिले, तो कात्रण दाखवत राहिला आणि बाळाला घेऊन गेला. पुढे एका रात्री तो परत आला तेव्हा आतडे अडकले होते, पोट फुगले होते, बाळ उलट्या करून सुकले होते. जी भूल शांतपणे, उपाशीपोटी, दिवसा देता आली असती, ती कितीतरी जास्त जोखमीने द्यावी लागली. बाळ वाचले. त्या बापाला मी दोष देत नाही. त्याने छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवला.

आणि नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम तेव्हा चालू होते. मेलबर्नचे अँड्र्यू डेव्हिडसन, बोस्टनच्या मेरी एलेन मॅकॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतल्या २८ रुग्णालयांत हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेली ७२२ तान्ही बाळे अभ्यासात घेतली. काहींना सेव्होफ्लुरेन या श्वासातून देण्याच्या औषधाने पूर्ण भूल दिली, तर काहींना जागे ठेवून मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या वाढीत फरक दिसला नाही, हे तुमच्या त्या मथळ्याच्या आधीच प्रसिद्ध झाले होते. पाच वर्षांच्या वयात बुद्ध्यांकातही फरक नव्हता, हे २०१९ मध्ये आले. लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलीचा प्रश्न यातून सुटत नाही, पण तासाभराच्या एका भुलीबद्दल आईबापांना धीर देण्याइतके बळ त्यात आहे. आज मी रोज तो अभ्यास सांगते. त्याला किती दाखले मिळाले, हे मला एकाही आईने विचारलेले नाही. तुमच्या वाचकांना मात्र हा निकाल तुमच्याकडून कळला नाही. भीती पहिल्या पानावर छापलीत, निकालाला आतल्या पानावरही जागा दिली नाही.

जाता जाता, कालच्याच लेखाशेजारच्या चौकटीबद्दल. ‘ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर मुलाला पाण्याचा थेंबही देऊ नये’ असे तुम्ही छापले आहे. युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्येच, काही विशेष आजार वगळता, साधे पाणी भुलीच्या एक तास आधीपर्यंत चालते असे संयुक्तपणे जाहीर केले आहे. घन आहार आणि दुधाचे नियम वेगळे आहेत आणि ते कडकच पाळायचे आहेत. पण तहानेने रडून थकलेली, सुकलेली, शीर सापडत नाही अशी मुले आम्हाला सकाळी सांभाळावी लागतात. पाण्याची नेमकी वेळ पालकांनी आपल्या भूलतज्ज्ञांनाच विचारावी, एवढी दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी ही विनंती.

आपली,
एक बालभूलतज्ज्ञ