बार्टन्सव्हिलचा पूल पुन्हा लाकडातच उभारणाऱ्या सुतारांना

सुतार मंडळी,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या बार्टन्सव्हिल गावाचा छपराचा पूल तुम्ही पुन्हा लाकडातच उभा केलात, त्याबद्दल जुन्या लाकूडकामाच्या डागडुजीत हात घालणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडून मनापासून आभार.

२८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पावसाने विल्यम्स नदी फुगली आणि सॅनफर्ड ग्रेंजरने १८७० साली बांधलेला १५१ फुटी पूल वाहून गेला. तो वाहून जातानाची चित्रफीत खूप पाहिली गेली, "लाकूडच ते, किती टिकणार?" असंही बोललं गेलं. पण दगा लाकडाने दिला नव्हता. काठाचा आधार पाण्याने खालून खरवडला आणि टेकूच गेल्यावर पूल छपरासकट खाली आला. पुलाच्या दोन्ही बाजूंची, तिरक्या फळ्यांची १४१ वर्षांची जाळी तोवर ओझं पेलत होती.

लोखंडी गर्डर टाकून वर शोभेचं छप्पर चढवणं सोपं होतं. तुम्ही मात्र अमेरिकन वास्तुरचनाकार इथिएल टाउनने १८२० मध्ये पेटंट घेतलेली जाळीच पुन्हा बांधलीत. या जाळीची गंमत अशी की तिला अजस्र तुळया लागत नाहीत. साधारण ३ इंच जाड आणि १० ते १२ इंच रुंद फळ्या तिरक्या, एकमेकींना छेदत लावायच्या आणि छेदावर दीड-दोन इंच व्यासाच्या ओकच्या खुंट्या ठोकायच्या. साध्या छेदाला बहुधा दोन पुरतात, वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांशी तीन-चार लागतात. खुंटी खडखडीत वाळलेली हवी. ओली ठोकली तर पुढे आकसून भोकात सैल होते, जाळी हलते आणि पूल एका अंगाला कलतो. खालच्या पट्टीवर ताण असतो, म्हणून तिच्या फळ्यांचे सांधे शेजारीशेजारी येऊ द्यायचे नाहीत. मधोमध थोडा उठावही आधीच द्यायचा, कारण सांधे बसले की पूल खाली उतरतोच. हे चुकलं, तर नंतर नदीत टेकू उभारून जॅकने इंच-इंच उचलत बसावं लागतं.

छप्पर वाटसरूंसाठी असतं हा गैरसमज इकडेही आहे. ते जाळीसाठी असतं. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत कुजतो, झाकलेला शंभरी ओलांडतो. वाटसरूंची तर उलट अडचणच व्हायची: घसरगाड्या चालाव्यात म्हणून हिवाळ्यात पुलाच्या आत मुद्दाम बर्फ पसरावा लागे!

तरी कुजण्याची एक जागा उरतेच, ती म्हणजे टोकं. चाकांबरोबर आलेली माती खालच्या पट्टीवर साचते, ओल धरते आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. आमच्याकडच्या वाड्यांतही तुळई ओल्या भिंतीत शिरते तिथेच आधी जाते. म्हणून टोकाखाली बदलता येईल असा वेगळा ओंडका ठेवायचा, त्याभोवती हवा खेळती राहू द्यायची आणि चिखल साचू द्यायचा नाही. हे शेवटचं काम फक्त झाडूचं, पण तेच सगळीकडे राहून जातं. तुमच्या पुलावर ते जो कोणी करत असेल, त्यालाही आमचा नमस्कार सांगा.

आपले,
लाकूडकामातली काही मराठी मंडळी