सिस्टर, आधी हात धुवायला लावलेत म्हणून

उपकेंद्रातल्या सिस्टर,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गुऱ्हाळावरच्या गुळव्याचा पोरगा म्हटलं की ओळखालच.

मागच्या हंगामात गावात शुगर तपासणीचं शिबिर होतं. उसाच्या रसाचं एक आधण उतरलं होतं, दुसरं चढायला वेळ होता, म्हणून आप्पा काहिलीजवळून उठले ते तसेच तिकडं गेले. बोटाला सुई टोचली, मशीनवर 318 आला. “तीनशेच्या वर आहे, आजपासून गोळ्या चालू करा,” म्हणून चिठ्ठी हातात. ना काही विचारणं, ना बघणं. आप्पा सोप्यात येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, “पाय कापत्यात का रं ह्यात?” आमच्या चुलत आजोबांचा पाय शुगरनं गेला होता. आईनं त्याच रात्री साखरेचा डबा माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं आलो तेव्हाही आप्पा पहाटेचं आधण उतरवूनच आले होते. चिठ्ठी तुम्ही बाजूला ठेवलीत. रात्री लघवीला किती वेळा उठता, घसा कोरडा पडतो का, वजन उतरलंय का? सगळ्याला नाही. मग त्यांचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेलात. नखांच्या कडेला गुळाची पिवळी खपली होती. मी रोज बघतो ती बोटं, मला कधी दिसली नाही.

“आप्पा, साबण लावून हात धुवा. आणि कोरडे पुसा.”

नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हे जात नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. पट्टी रक्त घेते एका थेंबाहूनही कमी, त्यात बोटावरच्या गुळातलं ग्लुकोज मिसळलं की मशीन तेही रक्तातलंच समजून मोजतं. टोचल्यावर पहिला थेंब कापसानं पुसलात, दुसरा पट्टीला लावलात. 172.

मी मोठ्यांदा हसलो. तुम्ही हसला नाहीत, सिस्टर, आणि खरे आभार त्याचेच आहेत. मी तर आप्पांना घेऊन घरी निघालो होतो, चिठ्ठी फाडायचीच बाकी होती. तुम्ही थांबवलंत. ही रँडम तपासणी, म्हणालात, जेवला असाल-नसाल कधीही करतात, ती त्या घटकेचा आकडा सांगते. तहान, सारखी लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं असतील आणि लॅबमध्ये रँडम 200 किंवा वर आली, तर मधुमेह म्हणतात. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही. पण 140 च्या वर गेलेल्याला ‘काय न्हाय होत’ म्हणून घरीही पाठवायचं नाही.

मग आठ तास उपाशी ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात हाताच्या शिरेतून रक्त दिलं. उपाशीपोटी 117, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.2. उपाशीपोटी 126 किंवा एचबीएवनसी 6.5 पासून मधुमेह धरतात, आप्पा त्याच्या अलीकडं, बांधावर उभे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. चालणं, पोट कमी करणं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

एका गोष्टीवरून मात्र आप्पा अजून तुमच्यावर रुसलेत. “साखर सोडतो, गूळ चालतोय की,” असं ते म्हणाले तेव्हा तुम्ही तोंडावर सांगितलंत, “गूळ पण साखरच, आप्पा.” चाळीस वर्षं काहिलीपुढं काढलेल्या माणसाला हे ऐकवायला छाती लागते. गूळ तयार झाला का, म्हणजे चाक्की पडली का ते बघायला आता ते बोटानं चाचपतात, जिभेवर ठेवायचं काम माझ्याकडं दिलंय. माझंच वजन दोन किलोनं वाढलं, ते असू दे.

गुऱ्हाळावरच्या नळाला सुतळीनं साबण बांधलाय. पुढच्या तपासणीला आप्पांना घेऊन येतो, त्यांनी कॅलेंडरवर तारखेला स्वतः गोल केलाय. येताना काकवीची बाटली आणीन. ती तुमच्या घरच्यांसाठी आहे, आप्पांसमोर पिशवीतून काढू नका.

आपला,
गुळव्याचा पोरगा